नोंदवहीचा दुसरा रकाना

मिशेल द मॉन्तेन या फ्रेंच निबंधकाराच्या १५८० साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात एक अगदी छोटा निबंध आहे. आपल्या नगरव्यवस्थेत काय उणे आहे, हा त्याचा विषय. मॉन्तेनचे वडील काही काळ बोर्दो शहराचे महापौर होते. पुस्तकी विद्या बेताची, पण व्यवहाराची जाण उत्तम, असे त्यांचे वर्णन मुलानेच केले आहे. त्यांची कल्पना अशी, की प्रत्येक शहरात एक ठरलेली जागा असावी, तिथे एक अधिकारी नेमलेला असावा आणि ज्याला जे हवे असेल ते त्याने तिथे जाऊन नोंदवावे. कोणाला मोती विकायचे असतात, कोणाला पॅरिसच्या प्रवासात सोबत हवी असते, कोणाला विशिष्ट गुणांचा नोकर हवा असतो, तर कोणाला मालक हवा असतो. एकमेकांच्या शोधात असलेली माणसे केवळ परस्परांची वार्ता नसल्याने अडून राहतात. मॉन्तेन याला दोन विद्वानांचे उदाहरण जोडतो. ते हलाखीत मेले, आणि त्यांची स्थिती ठाऊक असती तर त्यांना आनंदाने पोसणारे हजारो लोक होते, असे तो म्हणतो.

या यादीतला नोकर-मालकांचा तपशील सहज नजरेतून निसटण्याजोगा आहे. नोकर शोधणारा मालक आणि मालक शोधणारा नोकर इथे एकाच वहीत, शेजारीशेजारी नोंदले जातात. एकाला जितका शोध घेण्याचा अधिकार, तितकाच दुसऱ्याला. घरकामासाठी गाव किंवा देश सोडणाऱ्या माणसांची भरती, त्यांचे शिक्षण आणि कुटुंबांशी त्यांची जुळणी सुधारण्याचे जे प्रयत्न पुढच्या सुमारे साडेचारशे वर्षांत झाले, त्यांचा इतिहास म्हणजे एका अर्थी या वहीचाच इतिहास आहे. वही पुष्कळ सुधारली. तिच्यात छायाचित्रे आली, बोटांचे ठसे आले, प्रमाणपत्रे आली. मात्र त्यांतली बहुतेक भर पहिल्या रकान्यात पडली. नोकराविषयी मालकाला काय कळावे, याचा तो रकाना. मालकाविषयी नोकराला काय कळावे, याचा दुसरा रकाना बहुतांशी कोराच राहिला.

मॉन्तेनच्या वडिलांची कल्पना लंडनमध्ये प्रत्यक्षात आणणाऱ्यांत एक कादंबरीकार होता, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांना रंजक वाटावी. ‘टॉम जोन्स’चा लेखक हेन्री फील्डिंग आणि त्याचा अंध सावत्रभाऊ जॉन यांनी फेब्रुवारी १७५० मध्ये स्ट्रँड रस्त्यावर ‘युनिव्हर्सल रजिस्टर ऑफिस’ उघडले. तिचा हेतू सांगणाऱ्या पुस्तिकेत फील्डिंगने मॉन्तेनचा ऋणनिर्देशही केला आहे. घरे, जमिनी, कर्जे, प्रवासाच्या सोयी या सगळ्यांबरोबर नोकर मिळवून देणे हा या कचेरीचा एक मुख्य व्यवसाय होता. दोघेही भाऊ न्यायदंडाधिकारी. लंडनमधल्या चोऱ्यांमागे घरातले नोकर असतात, हा त्या काळच्या सुखवस्तू वर्गाचा ठाम समज होता. साहजिकच कचेरीने ग्राहकांना हमी दिली ती नोकराच्या चारित्र्याची.

नोकरी शोधत लंडनला येणाऱ्या खेड्यातल्या मुलीला कशाची भीती होती, हे मात्र विल्यम होगार्थने १७३२ मध्येच दाखवले होते. त्याच्या ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ या मालिकेतल्या पहिल्या चित्रात गाडीतून नुकतीच उतरलेली एक मुलगी आहे आणि तिची हनुवटी न्याहाळत असलेली एक प्रौढ बाई आहे. ही बाई कुंटणखान्याची मालकीण. मुलगी शहरात पाऊल ठेवते त्याच क्षणी तिला जो प्रथम भेटतो तोच तिचे भवितव्य ठरवतो, हे या चित्राचे सूत्र आहे. अशा प्रकारच्या कचेऱ्यांची संख्या वाढल्यावर १७६१ मध्ये जोसेफ रीड याने ‘द रजिस्टर ऑफिस’ नावाचे प्रहसन रंगभूमीवर आणले. त्यातला कचेरीवाला पक्का लबाड आहे. म्हणजे अवघ्या दहा-बारा वर्षांत मध्यस्थ हा विनोदाचा आणि संशयाचा विषय झाला होता.

कायद्याने या संशयाची दखल घेतली ती एकाच बाजूने. १७९२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने नोकरांच्या प्रशस्तिपत्रांविषयी कायदा केला. खोटे प्रशस्तिपत्र देणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला वीस पौंड दंड ठरला. फसवणूक व्हायची ती नव्या मालकाची, हे त्यात गृहीतच होते. १८०० साली तिथल्या न्यायालयाने निर्वाळा दिला, की नोकराला प्रशस्तिपत्र देण्यास मालक बांधलेला नाही. जे पत्र नसेल तर दुसरे घर मिळणार नाही, ते पत्र द्यायचे की नाही हे ज्याच्या घरातून बाहेर पडायचे त्याच्याच मर्जीवर राहिले. नोकर सोडून जाऊ शकतो, पण पत्राशिवाय कुठे पोहोचू शकत नाही, अशी ही रचना होती.

हिंदुस्थानात हीच रचना ‘चिठ्ठी’ या आपल्या शब्दातून इंग्रजीत ‘चिट’ होऊन गेली. साहेबाच्या बंगल्यावर कामाला येणारा खानसामा, बेरा किंवा आया जुन्या मालकांच्या चिठ्ठ्यांचे पुडके जपून बाळगत असे. त्या इंग्रजीत असत आणि बाळगणाऱ्याला बहुधा वाचता येत नसत. आपल्या खिशात आपली स्तुती आहे की निंदा, हे ज्याचे त्यालाच ठाऊक नसावे, यापेक्षा एकतर्फी व्यवहाराचे बोलके उदाहरण सापडणे कठीण.

याच काळात मुंबईत एक वेगळी पद्धतही रुजत होती. कोकणातून येणाऱ्या घरगड्यांचा भरणा इतका होता, की मूळ नाव काहीही असले तरी गड्याला ‘रामा’ म्हणूनच हाक मारली जाई. हा रामा कोणा कचेरीच्या मार्फत येत नसे. गावचा कोणी आधीपासून कामाला असे, तो याला आणून उभा करी. शब्द त्याचा, जबाबदारीही त्याचीच. गोव्याहून येणाऱ्यांनी तर धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे ‘कूड’ उभारले होते. थोडी वर्गणी भरून खलाशी, आचारी, घरनोकर तिथे उतरत आणि काम सुटले तर पुढचे मिळेपर्यंत राहत. अशा ठिकाणी कोणत्या घरी पगार वेळेवर मिळतो, कोणाच्या हाताला मारण्याची सवय आहे, कोणाकडे पोटभर जेवायला मिळते, याची चर्चा झाल्याशिवाय राहणे शक्यच नाही. दुसरा रकाना इथे कागदावर नसला तरी जिभेवर होता. त्याची मर्यादाही उघड आहे. जो त्या गावचा, त्या जातीचा किंवा धर्माचा, त्यालाच हे ज्ञान मिळणार. एकट्याने निघालेल्या बाईला ते मिळण्याची शक्यता फार कमी.

अशा बायका मुंबई आणि कलकत्त्याहून थेट लंडनपर्यंत जात होत्या. बोटीच्या प्रवासात मुले सांभाळण्यासाठी इंग्रज कुटुंबे आयांना बरोबर नेत. १९२२ च्या सुमारास अशा एका आयेच्या नावावर चोपन्न प्रवासांची नोंद होती. यावरून हा व्यवसाय किती मुरलेला होता ते कळते. मुले सुखरूप पोहोचली की बाईचे काम संपे, आणि परतीची व्यवस्था होईलच असे नसे. तेव्हा लंडनच्या ऑल्डगेट भागात आयांसाठी एक वसतिगृह चालू झाले. १९०० साली ते लंडन सिटी मिशनच्या देखरेखीखाली हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर गेले. तिथल्या घरावर २०२२ मध्ये स्मृतिफलक लावला गेला, आणि हा विसरलेला इतिहास पुन्हा चर्चेत आला.

या वसतिगृहाची कार्यपद्धती मला अभ्यासण्याजोगी वाटते. रोझिना विस्राम यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात तिचा तपशील दिला आहे. आणणारे कुटुंब आयेचे परतीचे तिकीट वसतिगृहाकडे ठेवी. हिंदुस्थानला निघालेल्या ज्या कुटुंबाला आया हवी असे, त्याला वसतिगृहाची व्यवस्थापिका ते तिकीट विके, आणि त्या पैशातून मधल्या काळातला बाईच्या राहण्याजेवणाचा खर्च भागवला जाई. म्हणजे बाईच्या पगारातून दलाली नाही, डोक्यावर कर्ज नाही, आणि परतीचे साधन मालकाच्या खिशात नव्हे तर तिसऱ्याच्या तिजोरीत. धर्मप्रसाराचा हेतू या घरामागे होता, तिथल्या जेवणाबरोबर प्रवचनही येत असे, हे खरे. पण मालक आणि नोकर यांच्या मध्ये उभे राहणाऱ्या संस्थेने कसे उभे राहावे, याचा एक नमुना तिने घालून दिला होता.

त्याची उणीव १९०८ मध्ये दिसली. एका कुटुंबाने आपल्या आयेला किंग्ज क्रॉस स्थानकावर एक पौंड देऊन सोडून दिले. ती कशीबशी वसतिगृहात पोहोचली. वसतिगृहाने इंडिया ऑफिसकडे दाद मागितली, तर सरकारने आपली काही जबाबदारी नाही असे कळवले. कंपनीच्या काळात नोकराला विलायतेला नेताना त्याच्या परतीसाठी तारण ठेवावे लागे. ती सक्ती पुढे टिकली नव्हती. चांगली संस्था ज्यांच्याकडे तिकीट जमा होते त्यांनाच वाचवू शकते. जे कुटुंब तिकीट काढतच नाही त्याला वेसण घालायला कायदाच लागतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम हाती घेण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न फिलिपिन्सने केला. १९७४ च्या कामगार संहितेत परदेशी भरती सरकारने आपल्या हाती घ्यावी आणि खासगी दलाल टप्प्याटप्प्याने बंद करावेत अशी योजना होती. मागणीचा रेटा इतका मोठा होता, की १९७८ मध्येच खासगी संस्थांना पुन्हा दार उघडावे लागले. सरकारकडे परवाने, तपासणी आणि नमुना करार एवढे उरले. १७ मार्च १९९५ रोजी सिंगापूरमध्ये फ्लोर काँतेंप्लासियों या घरकामगार स्त्रीला खुनाच्या आरोपावरून फाशी झाली, तेव्हा फिलिपिन्समध्ये संतापाची लाट उसळली आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा आला.

२००६ मध्ये लेबनॉनच्या युद्धातून हजारो फिलिपिनो स्त्रिया परत आल्या. त्यानंतरच्या सुधारणा मूलगामी होत्या. किमान वेतन महिना दोनशेवरून चारशे डॉलर करण्यात आले. कामगाराकडून भरतीशुल्क घेण्यास बंदी झाली. सरकारमान्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि त्या त्या देशाच्या भाषेची, चालीरीतींची तोंडओळख सक्तीची झाली. शिकलेली, प्रथमोपचार जाणणारी बाई मालक सन्मानाने वागवेल आणि पगारही अधिक देईल, असा यामागचा विचार होता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी भरतीशुल्क प्रशिक्षणशुल्काच्या नावाने परत आले, आणि चारशेचा करार करून गेलेल्या अनेकींपुढे पोहोचल्यावर त्याहून कमी रकमेचा दुसरा कागद ठेवण्यात आला.

इंडोनेशियाची कथा याहून कठोर आहे. हाँगकाँगला जाणाऱ्या मुलींना दलालांच्या शिबिरात महिनोन्महिने ठेवून कँटोनीज भाषा आणि तिथल्या स्वयंपाकाचे शिक्षण दिले जाई. शिक्षण उपयुक्त होते यात शंका नाही. पण त्याचा खर्च मुलीच्या माथी पडे आणि पहिल्या सात-सात महिन्यांच्या पगारातून कापला जाई. हाँगकाँगच्या कायद्याप्रमाणे तिथली संस्था कामगाराकडून पहिल्या पगाराच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेऊ शकत नाही. उरलेले मायदेशातल्या कर्जाच्या नावावर चढे. ऊसतोडणी कामगाराची ‘उचल’ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, तसेच घरही. कामगाराने भरतीचा खर्च सोसू नये असे इंडोनेशियाने २०१७ च्या कायद्यात लिहिले. इतकी वर्षे लोटल्यावर ते लिहावे लागले, यातच सगळे आले.

प्रशिक्षणाची ही सारी धडपड पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शिकायचे ते फक्त बाईने. घर आधीच शिकलेले आहे, असे जणू ठरलेलेच आहे. याला एक लहानसा अपवाद सिंगापूरचा. पहिल्यांदाच घरकामगार ठेवणाऱ्या मालकाला २००४ पासून तिथे काही तासांचा वर्ग सक्तीचा आहे. कामगार स्त्रीसाठी २००५ मध्ये इंग्रजीची परीक्षा आली. २०१२ मध्ये ती रद्द होऊन त्या जागी सुरक्षितता आणि हक्क यांची माहिती देणारा एक दिवसाचा वर्ग आला. आठवड्याच्या सुट्टीचा नियम २०१३ चा. ती सुट्टी पैसे देऊन विकत घेता येई. महिन्यातला निदान एक दिवस तरी असा विकत घेता येणार नाही, हे ठरायला २०२३ उजाडले. याच सिंगापूरमध्ये मालकाला कामगारामागे पाच हजार डॉलरचे तारण द्यावे लागते. कंपनीच्या काळातल्या तारणाचे हे वंशज. हेतू परतीच्या हमीचा, पण तारण बुडेल या धास्तीने बाईला बाहेर पाठवायलाच नको, असा अर्थ अनेक घरांनी काढला. चांगल्या हेतूचा नियम कोणाच्या हाती किल्ली देतो, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही.

दुसरा रकाना खरोखरच छापलेला मला आढळतो तो हाँगकाँगच्या नमुना करारात. त्याला जोडलेल्या परिशिष्टात मालकाला लिहून द्यावे लागते, की घराचे क्षेत्रफळ किती, मोठी माणसे किती, मुले किती, तान्ही बाळे किती, सतत शुश्रूषा लागणारे कोणी आहे का, आणि बाईला निजायला स्वतंत्र खोली आहे का. बाई देश सोडण्यापूर्वी तिला हे वाचता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये संमत केलेल्या घरकामगारविषयक १८९ व्या ठरावानेही हेच तत्त्व मान्य केले. सीमा ओलांडण्यापूर्वी अटींचा लेखी कागद हाती पडावा आणि मध्यस्थाचे शुल्क पगारातून कापले जाऊ नये. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

तथापि नुसते कळून भागत नाही. हाँगकाँगमध्येच १९८७ पासून असा नियम आहे, की करार मोडल्यास कामगाराने दोन आठवड्यांत देश सोडावा. लंडनचा अनुभव याहून बोलका आहे. परदेशी घरकामगारांना मालक बदलण्याचा हक्क ब्रिटनने १९९८ मध्ये दिला आणि २०१२ मध्ये काढून घेतला. २०१६ मध्ये तो परत आला, पण सहा महिन्यांच्या परवान्याच्या मुदतीपुरताच. हॅकनीच्या वसतिगृहात तिकीट विकले जाई तेव्हा आयेला निदान पुढचे घर मिळत होते. शंभर वर्षांनंतर त्याच शहरात मालक बदलणे हा गुन्हा ठरू शकत होता. आखाती देशांतल्या ‘कफाला’ पद्धतीची मेखही हीच आहे. परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असला की घराविषयी कितीही माहिती मिळाली तरी तिचा उपयोग करता येत नाही.

आपल्याकडे पाहावे तर घरकामगारांनी स्वतः आवाज उठवल्याचा इतिहास आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ मध्ये केला. त्यात नोंदणी होते ती कामगाराची. पोलीस पडताळणीच्या अर्जावर छायाचित्र लागते तेही कामगाराचे. झारखंड, छत्तीसगड, आसामातून मुलींना दिल्लीत आणणाऱ्या ‘प्लेसमेंट’ संस्था घरांकडून रक्कम घेतात, आणि अनेकदा मुलीचा पगारही त्यांच्याच हाती पडतो. त्यांच्यावर अंकुश ठेवण्याचा आदेश दिल्ली सरकारने २०१४ मध्ये काढला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्राला सांगितले. आता मोबाईलवरून तासाभराच्या बोलीने बाई मिळू लागली आहे. काम संपल्यावर घर तिला तारे देते. हे तारे म्हणजे साहेबाच्या चिठ्ठीचेच नवे रूप.

त्या समितीपुढे किंवा कोणत्याही शासनापुढे हा इतिहास ठेवायचा झाला तर त्यातून निघणारे मागणे फार अवघड नाही. मध्यस्थाचे पैसे घराने द्यावेत, आणि प्रशिक्षणाचेही. परतीचे साधन व कागदपत्रे तिसऱ्या, दोघांनाही जबाबदार अशा संस्थेकडे किंवा स्वतः कामगाराकडे असावीत. वर्ग दोघांसाठी असावा. मालक बदलण्याचा हक्क परवान्यातच लिहिलेला असावा. आणि कामगाराची नोंद जिथे होते तिथेच, त्याच वहीत, घराचीही व्हावी. माणसे किती, निजायची जागा कोणती, पगाराची तारीख कोणती, सुट्टीचा वार कोणता, फोन जवळ ठेवता येईल का, आधीची बाई किती दिवस राहिली आणि का गेली. यांतला शेवटचा प्रश्न हाँगकाँगच्या परिशिष्टातही नाही. तो मुंबईच्या कुडात मात्र पहिल्यांदा विचारला जात असणार.